मातीतल्या जिवाणूंकडून बुरशीरोधक संयुगे: नमुना घेण्यापासून अर्काच्या खात्रीपर्यंत

मातीतला जिवाणू आणि बुरशी एकाच प्लेटवर (माध्यम ओतलेल्या चपट्या बशीत) वाढवताना बुरशी जिवाणूपर्यंत न पोहोचता थांबलेली दिसली, की बुरशीरोधक संयुग सापडले असे धरून लगेच अर्क काढायला घेतला जातो. पुढे महिनाभर खपूनही त्या अर्कात काही निघत नाही. बुरशी थांबण्याची कारणे अनेक असतात. जिवाणूने आसपासचे लोह ओढून घेतले असेल, माध्यमाचा पीएच बदलला असेल, बुरशीची पेशीभित्ती तोडणारे कायटिनेझसारखे विकर (एन्झाइम) सोडले असेल, हायड्रोजन सायनाइडसारखा वायू तयार केला असेल, नाहीतर नुसतीच जागा आणि अन्न अडवले असेल. कधी कधी तर बुरशीला रोखणारे द्रव्य जिवाणूचे नसतेच, ते आपणच आधीच्या माध्यमात घातलेले असते. ही कारणे एकेक करून बाजूला काढता यावीत म्हणून खालचा क्रम दिला आहे. तो मोडू नका.

## टप्पा १: कोणता जिवाणू, कोणती बुरशी

मातीतून सगळे काही एकाच प्लेटवर मिळवण्याचा प्रयत्न हमखास फसतो, कारण वेगाने वाढणारे बॅसिलस दोन दिवसांत प्लेट व्यापतात आणि आठवडाभराने उगवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसला जागाच उरत नाही. म्हणून गट आधी ठरवा.

स्ट्रेप्टोमायसिस आणि त्याच्या जवळचे ॲक्टिनोमायसिट्स (बुरशीसारखे तंतू करणारे जिवाणू) निस्टॅटिन, ॲम्फोटेरिसिन बी, नॅटामायसिन यांसारखी पॉलिईन संयुगे देतात. बॅसिलसकडून इट्युरिन, फेंजायसिन, सर्फॅक्टिन ही लिपोपेप्टाइड्स (मेदाम्ल जोडलेल्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) मिळतात. चमकणारे स्युडोमोनास फेनाझिन, पायरोलनिट्रिन आणि डायॲसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल तयार करतात. तिन्ही गटांची माती वेगळ्या पद्धतीने हाताळावी लागते, आणि अर्क काढण्याची रीतही वेगळी असते.

चाचणीची बुरशी निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पिथियम आणि फायटोफ्थोरा या खऱ्या बुरशी नाहीत, त्यांच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल हे बुरशींचे स्टेरॉल नसते. पॉलिईन संयुगे एर्गोस्टेरॉललाच धरतात, त्यामुळे उत्तम पॉलिईन देणारा स्ट्रेनही (जिवाणूचा वेगळा वाण) पिथियमवर निष्प्रभ दिसू शकतो. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम, रायझोक्टोनिया सोलानी आणि एखादा यीस्ट, अशा निदान तीन वेगळ्या स्वभावाच्या बुरशी ठेवा. यीस्टसाठी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी बिनधोक आहे.

खबरदारी: कॅन्डिडा अल्बिकन्स आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस यांच्यावरचे काम जैवसुरक्षा पातळी २ च्या प्रयोगशाळेतच करायचे असते. मातीतून काय उगवेल हेही आधी सांगता येत नाही. त्यामुळे प्लेट उघडून वास घेण्याची सवय कायमची सोडा.

## टप्पा २: माती घेणे

वरचा पालापाचोळा बाजूला करून ५ ते १५ सें.मी. खोलीवरची माती घ्या. मुळांभोवतीची माती हवी असेल तर रोप मुळांसकट उपटून हलके झटका आणि मुळांना चिकटून राहिलेली मातीच घ्या. झटकताना खाली पडते ती साधी माती. दोन नमुन्यांच्या मध्ये खुरपे ७० टक्के अल्कोहोलने पुसा. प्रत्येक ठिकाणची ५० ते १०० ग्रॅम माती वेगळ्या निर्जंतुक पिशवीत ठेवा. नवीन स्ट्रेन शोधताना नमुने एकत्र मिसळू नका, नाहीतर चांगला स्ट्रेन कुठून आला हे कधीच कळणार नाही.

पिशवीवर तारीख, खोली, वनस्पती आणि त्या जागेवर अलीकडे बुरशीनाशक फवारले होते का, हे लिहा. माती ४ अंश सेल्सिअसला ठेवा. स्युडोमोनास हवे असतील तर ४८ तासांच्या आत प्लेटिंग करा, म्हणजे माती पातळ करून प्लेटवर पसरा. त्यांना बीजाणू नसतात, ते लवकर मरतात.

## टप्पा ३: मातीवरची पूर्वप्रक्रिया

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण कोरडी उष्णता आणि ओली उष्णता यांतला फरक पाळला जात नाही.

स्ट्रेप्टोमायसिससाठी: माती निर्जंतुक कागदावर पातळ पसरून सावलीत ५ ते ७ दिवस वाळवा, २ मि.मी. चाळणीतून चाळा आणि मग ओव्हनमध्ये १०० अंशांची कोरडी उष्णता एक तास द्या. स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू वाळलेल्या अवस्थेत ही उष्णता सोसतात, इतर बहुतेक जिवाणू सोसत नाहीत. तीच माती ओलसर असताना इतकी तापवली तर आपल्याला हवे तेच मरतात आणि प्लेटवर फक्त बॅसिलस उगवतात. ओव्हन नसेल तर वाळलेल्या मातीत दहास एक या प्रमाणात कॅल्शियम कार्बोनेट मिसळा, थोडी ओल ठेवून २८ अंशांना आठवडाभर ठेवा आणि मग विरलन करा, म्हणजे सलाईनमध्ये पातळ करत जा.

बॅसिलससाठी: इथे उलट, ओली उष्णता. १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक सलाईनमध्ये, म्हणजे ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, चांगली हलवा. त्यातले थोडे द्रावण नळीत घेऊन ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये १० मिनिटे ठेवा आणि लगेच बर्फात थंड करा. वेळ मोजायला सुरुवात नळीच्या आतले तापमान ८० अंशांवर पोहोचल्यावर करा. त्यासाठी शेजारी तेवढ्याच सलाईनची एक नळी ठेवून तिच्यात थर्मामीटर बुडवा.

स्युडोमोनाससाठी: वाळवणे नाही, तापवणे नाही. माती चिकटलेले १ ग्रॅम ताजे मूळ ९ मिली सलाईनमध्ये २० ते ३० मिनिटे हलवा.

## टप्पा ४: माध्यम आणि प्लेटिंग

स्ट्रेप्टोमायसिससाठी स्टार्च केसीन अगार वापरा. एक लिटरसाठी:

- विद्राव्य स्टार्च १० ग्रॅम
- केसीन ०.३ ग्रॅम
- पोटॅशियम नायट्रेट २ ग्रॅम
- मीठ २ ग्रॅम
- डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट ०.०५ ग्रॅम
- कॅल्शियम कार्बोनेट ०.०२ ग्रॅम
- फेरस सल्फेट ०.०१ ग्रॅम
- अगार १८ ग्रॅम, पीएच ७.० ते ७.२

केसीन पाण्यात थेट टाकले तर गुठळ्या होतात. ते आधी थोड्या कोमट ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, मग उरलेल्या घटकांत मिसळा आणि पीएच शेवटी जुळवा.

माध्यम ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावर त्यात सायक्लोहेक्सिमाइड आणि निस्टॅटिन, प्रत्येकी मिलीला ५० मायक्रोग्रॅम, घाला, म्हणजे मातीतल्या बुरशी दबतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू फार असतील तर मिलीला २० मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक ॲसिडही घाला. निस्टॅटिन पाण्यात विरघळत नाही, डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून घ्यावे लागते. सायक्लोहेक्सिमाइड माणसालाही विषारी आहे, हातमोजे घालूनच तोला.

बॅसिलससाठी साधा न्यूट्रियंट अगार पुरतो. स्युडोमोनाससाठी किंग्ज बी वापरा: प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिली, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, पीएच ७.२.

मातीच्या सलाईनमधल्या द्रावणात निर्जंतुक काचेचे मणी टाकून मिनिटाला १५० फेऱ्यांवर अर्धा तास हलवा. मग १ मिली द्रावण ९ मिली सलाईनमध्ये, असे दहापटीने पातळ करत जा. दर वेळी पिपेटची टिप बदला. हजारपट, दहा हजारपट आणि लाखपट विरलनातून ०.१ मिली प्लेटवर पसरा, प्रत्येकी तीन प्लेट. बॅसिलस आणि स्युडोमोनास २८ ते ३० अंशांना एक-दोन दिवसांत दिसतात. स्ट्रेप्टोमायसिसच्या प्लेट २८ अंशांना ७ ते १४ दिवस ठेवा आणि वाळू नयेत म्हणून पिशवीत घाला.

तपासणी: काहीही न टोचलेली एक प्लेट आणि फक्त सलाईन पसरलेली एक प्लेट सोबत ठेवा. यांतल्या एकीवर जरी वसाहत उगवली, तर त्या दिवशीचे सगळे काम पुन्हा करा.

स्ट्रेप्टोमायसिसची वसाहत ओळखायला लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) पुरतो. ती कोरडी, भुकटी लागल्यासारखी दिसते आणि अगारमध्ये रुतलेली असते. लूपने उचलायला गेले तर सरकत नाही, चिवट चामड्यासारखी तुकड्याने निघते. किंग्ज बीवरच्या चमकणाऱ्या वसाहती ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली हिरवट-निळ्या दिसतात. हा दिवा लावताना अतिनील किरण अडवणारा चष्मा हवाच.

## टप्पा ५: शुद्धीकरण आणि ताबडतोब साठवण

प्रत्येक वसाहत किमान तीनदा स्ट्रीक करा (लूपने नव्या प्लेटवर रेघा ओढून एकेकटी वसाहत मिळवा), आणि तीनही वेळा बुरशीरोधक न घातलेल्या माध्यमावर. वेगळे करण्याच्या प्लेटवरून वसाहत थेट चाचणीत नेली तर तिच्यासोबत अगारचा कण येतो आणि अगारसोबत निस्टॅटिन. मग कोणताही निरुपयोगी स्ट्रेन उत्तम वाटतो.

तिसऱ्या स्ट्रीकनंतर, चाचणी सुरू करण्याआधी, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना निदान पाच नळ्या ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रयोगाची सुरुवात या नळीतून करा, फ्रिजमधल्या जुन्या स्लँटवरून (नळीत तिरप्या अगारवर ठेवलेल्या संवर्धनावरून) करू नका. स्युडोमोनासमध्ये वारंवार उपसंवर्धन केल्यावर ही निर्मिती नियंत्रित करणाऱ्या गॅक जनुकांत बिघाड झालेल्या पेशी पुढे येतात आणि बुरशीरोधक निर्मितीच बंद पडते. स्ट्रेप्टोमायसिसच्या सरळ गुणसूत्राची टोके गळतात, भुकटीदार वसाहती टकल्या होतात आणि उत्पादन घटते. "आधी झोन (जिवाणूभोवतीचा बुरशी न वाढलेला पट्टा) यायचा, आता येत नाही" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

## टप्पा ६: समोरासमोर चाचणी

९० मि.मी. प्लेटमध्ये मोजून २० मिली माध्यम ओता. जाडी कमी-जास्त झाली की झोनही बदलतो. प्लेट झाकण किंचित उघडे ठेवून लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) २० ते ३० मिनिटे वाळवा. पृष्ठभागावर पाणी राहिले तर बॅसिलस त्यावरून पोहत सगळीकडे पसरतो.

१. पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर) ५ ते ७ दिवस वाढलेल्या बुरशीच्या कडेवरून ६ मि.मी. कॉर्क बोअररने चकती कापा. मधली चकती घेऊ नका, तिथले तंतू म्हातारे असतात.

२. चकती प्लेटच्या मध्यभागी तंतूंची बाजू खाली करून ठेवा.

३. जिवाणूची रेघ चकतीपासून ३ सें.मी. अंतरावर, एकाच बाजूला ओढा. दुसरी बाजू तुलनेसाठी मोकळी राहू द्या.

४. बॅसिलस आणि स्युडोमोनास बुरशीसोबतच किंवा २४ तास आधी टोचा. स्ट्रेप्टोमायसिस मात्र ३ ते ५ दिवस आधी टोचायलाच हवा. एकाच दिवशी टोचला तर तो संयुग तयार करण्याआधीच बुरशी त्याच्यावरून जाते आणि चांगला स्ट्रेन कचऱ्यात जातो.

५. फक्त बुरशी असलेली नियंत्रण प्लेट त्याच दिवशी, त्याच वेळी बनवलेल्या माध्यमावर ठेवा. प्रत्येक स्ट्रेनसाठी तीन प्लेट.

माध्यमाचा पीएच इथे महत्त्वाचा आहे. नेहमीच्या पीडीएचा पीएच ५.६ च्या आसपास असतो, त्यावर स्ट्रेप्टोमायसिस कसाबसा वाढतो. पीएच ६.५ ते ७ पर्यंत आणलेले पीडीए किंवा निम्मे पीडीए, निम्मे आयएसपी-२ (घटक टप्पा ९ मध्ये) असे मिश्रण दोघांनाही चालते.

नियंत्रण प्लेटवर बुरशी कडेला पोहोचण्याच्या बेतात असताना मोजा. चकतीच्या मध्यापासून जिवाणूच्या दिशेने त्रिज्या घ्या. प्रतिबंधाची टक्केवारी म्हणजे नियंत्रणातली त्रिज्या वजा चाचणीतली त्रिज्या, भागिले नियंत्रणातली त्रिज्या, गुणिले १००. नियंत्रणात ४० मि.मी. आणि चाचणीत १४ मि.मी. असेल तर ६५ टक्के. फार उशिरा मोजले तर नियंत्रण कडेला अडकलेले असते आणि टक्केवारी खोटी कमी येते.

टक्केवारीइतकेच महत्त्वाचे म्हणजे झोनच्या कडेचे तंतू. कडेचा पातळ तुकडा लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये ठेवून ४०० पट मोठा करून पाहा. बुरशीरोधक काम करत असेल तर टोके फुगलेली, गाठाळ, वेड्यावाकड्या फांद्या फुटलेली किंवा आतला द्रव सांडलेली दिसतात. टोके निरोगी, निमुळती आणि नुसतीच थांबलेली असतील तर संशय अन्न संपण्यावर घ्या.

## टप्पा ७: खोटे निकाल गाळणे

हा टप्पा वगळला जातो आणि पुढचे महिने वाया जातात. पाच चाचण्या, कोणत्याही क्रमाने:

लोह. माध्यमात १०० मायक्रोमोलार फेरिक क्लोराइड घालून तीच चाचणी करा. द्रावण ताजे करा आणि गाळणीने निर्जंतुक करा. झोन नाहीसा झाला तर सिडेरोफोर, म्हणजे जिवाणूने सोडलेला लोह धरणारा रेणू, लोह ओढत होता असे धरा. किंग्ज बीमध्ये लोह कमी असल्याने तिथे हे फार दिसते.

पीएच. झोनमधल्या अगारवर पीएच पट्टी टेकवा. नियंत्रणापेक्षा एका अंकाहून जास्त फरक असेल तर ५० मिलिमोलार मॉप्सने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरने) पीएच ७ ला बांधलेल्या माध्यमावर पुन्हा करा.

वायू. मधोमध भिंत असलेल्या प्लेटमध्ये एका कप्प्यात जिवाणू, दुसऱ्यात बुरशी ठेवा आणि पॅराफिल्मने सील करा. अगार जोडलेला नसतानाही बुरशी थांबली तर द्रव्य हवेतून जाते. ते खरे असू शकते, पण इथाइल ॲसिटेटच्या अर्कात ते सापडणार नाही.

विकर. पेशी काढलेला निवळ द्रव १०० अंशांना १५ मिनिटे तापवा, आणि वेगळा भाग प्रोटिनेज के या प्रथिने तोडणाऱ्या विकरासोबत ३७ अंशांना एक तास ठेवा. दोन्हींत क्रिया गेली तर विकराचा संशय बळावतो. एकट्या उष्णतेवर मात्र निष्कर्ष काढू नका, काही पॉलिईनही उष्णतेने आणि प्रकाशाने खराब होतात. इट्युरिन दोन्हींत टिकते, कारण ते वर्तुळाकार असून त्यात डी-अमिनो आम्ले असतात. १० किलोडाल्टनची गाळणी वापरून "गाळणीवर राहिले, म्हणजे विकर" असे म्हणण्याआधी हेही पाहा: सर्फॅक्टिनचे रेणू एकत्र येऊन मायसेल, म्हणजे मोठे पुंजके, बांधतात आणि लहान असूनही गाळणीवर अडकतात. ५० टक्के मेथॅनॉल मिसळून पुन्हा गाळले तर ते खाली उतरतात.

थांबवणे की मारणे. झोनच्या कडेची बुरशी उचलून ताज्या पीडीएवर ठेवा. ती पुन्हा वाढली तर संयुग वाढ थांबवते, मारत नाही. दोन्ही उपयोगी असतात, पण नोंद वेगळी हवी.

## टप्पा ८: मोठ्या फ्लास्कआधी स्ट्रेन ओळखा

ही पायरी बहुतेक जण शेवटी ठेवतात. ती इथे हवी, कारण मातीतले काही जबरदस्त बुरशीरोधक जिवाणू माणसाला धोकादायक असतात. स्युडोमोनास ४२ अंशांना वाढत असेल तर तो एरुजिनोसा असण्याची शक्यता मोठी. बुर्खोल्डेरिया सेपेशिया गट पायरोलनिट्रिन उत्तम देतो, पण सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी घातक आहे. बॅसिलस रक्तमाध्यमावर ठळक हिमोलिसिस करत असेल (रक्तपेशी फोडत असेल) आणि अंड्याच्या बलकाच्या माध्यमावर पांढुरका पट्टा देत असेल तर सेरियस गटाचा संशय घ्या. अशा स्ट्रेनचे लिटरभर संवर्धन उघड्या शेकरवर करू नका.

जिवाणू ओळखण्यासाठी वापरले जाणारे १६-एस आरआरएनए जनुक २७एफ आणि १४९२आर प्रायमरने वाढवून दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. ज्ञात प्रजातीशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी असू शकते. वर असले म्हणून तीच प्रजाती ठरत नाही. बॅसिलस सबटिलिसच्या गटात १६-एस भेदच करू शकत नाही, तिथे जायरेझचे जनुक वाचावे लागते.

## टप्पा ९: द्रव संवर्धन

आधी बीज संवर्धन: स्ट्रेप्टोमायसिस आयएसपी-२ द्रवात, म्हणजे लिटरला यीस्ट अर्क ४ ग्रॅम, माल्ट अर्क १० ग्रॅम आणि ग्लुकोज ४ ग्रॅम, ४८ तास. मग उत्पादन माध्यमात ५ टक्के बीज. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच माध्यम घाला. १५० मिली भरले की हवा पुरत नाही आणि निर्मिती कोसळते. तापमान २८ अंश, मिनिटाला १८० फेऱ्या, ५ ते ७ दिवस. स्ट्रेप्टोमायसिसचे मोठे गोळे होत असतील तर फ्लास्कमध्ये काचेचे मणी टाका.

एकच उत्पादन माध्यम वापरून स्ट्रेन नापास करू नका. फॉस्फेट जास्त असेल तर स्ट्रेप्टोमायसिसमध्ये अनेक प्रतिजैविकांची निर्मिती दबते, आणि सहज पचणाऱ्या ग्लुकोजचाही तसाच परिणाम होऊ शकतो. निदान तीन माध्यमे घ्या, त्यांत एक सोयाबीन पिठाचे ठेवा आणि एकात ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल. बॅसिलसच्या लिपोपेप्टाइडसाठी लँडी माध्यम चांगले: ग्लुकोज २० ग्रॅम आणि ग्लुटॅमिक ॲसिड ५ ग्रॅम हे त्याचे मुख्य घटक, ३० अंश, ४८ ते ७२ तास. भरपूर फेस आला तर सर्फॅक्टिन बनते आहे असा अंदाज करता येतो.

दुसऱ्या दिवसापासून रोज २ मिली काढून पीएच आणि क्रिया तपासा. क्रिया शिखरावर असेल त्या दिवशी थांबा. पॉलिईनचा संशय असेल तर फ्लास्कला फॉइल गुंडाळा.

## टप्पा १०: अर्क काढणे

संवर्धन सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारपट बलावर), ४ अंशांना २० मिनिटे फिरवा. वरचा निवळ द्रव आणि खाली बसलेला साका दोन्ही ठेवा. साका फेकणे ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक आहे. पॉलिईनचा बराच भाग तंतूंमध्येच अडकलेला असतो आणि निवळात क्रिया नगण्य दिसते. साका मेथॅनॉलमध्ये दोन तास हलवून गाळा.

निवळासाठी गटानुसार:

- बॅसिलस: ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २.० वर आणा, रात्रभर ४ अंशांना ठेवा, खाली बसलेला पांढुरका साका वेगळा करून मेथॅनॉलमध्ये विरघळवा.
- स्युडोमोनास: पीएच २ वर आणून लगेच समान आकारमानाच्या इथाइल ॲसिटेटने दोनदा अर्क घ्या. आम्ल न घालता काढलेल्या अर्कात फेनाझिन कार्बोक्सिलिक ॲसिड फारसे येत नाही.
- स्ट्रेप्टोमायसिस: आहे त्या पीएचला इथाइल ॲसिटेटने तीनदा, आणि वेगळ्या भागावर ब्युटेनॉलने.

दोन थरांमध्ये लोण्यासारखा पांढरा थर अडला तर जोरात हलवू नका. त्यात मीठ घाला, तरीही न फुटल्यास फिरवून घ्या. वरचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडा करा आणि रोटरी इव्हॅपोरेटरमध्ये ४० अंशांच्या आत आटवा. हे सगळे फ्यूम हूडमध्ये, ज्योत लांब ठेवून.

तपासणी: अर्क घेतल्यावर उरलेला पाण्याचा थरही तपासा. व्हॅलिडामायसिन आणि कासुगामायसिन यांच्यासारखी संयुगे पाण्यातच राहतात. पण त्या थरात इथाइल ॲसिटेट विरघळलेले असते आणि तेच बुरशीला मारते. आधी कमी दाबाखाली ते पूर्ण काढून टाका.

याच वेळी, याच पद्धतीने, जिवाणू न टोचलेल्या माध्यमाचाही अर्क काढा. तो नसेल तर पुढच्या कोणत्याही निकालाला आधार राहत नाही.

## टप्पा ११: अर्काची चाचणी

कोरडा अर्क तोलून मिलीला १० मिलिग्रॅम या प्रमाणात मेथॅनॉलमध्ये विरघळवा. ६ मि.मी. कागदी चकतीवर १० मायक्रोलिटर म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. चकती पूर्ण वाळल्यावरच प्लेटवर ठेवा. सोबत तीन चकत्या हव्यात: फक्त मेथॅनॉल, न टोचलेल्या माध्यमाचा अर्क आणि निस्टॅटिन.

झोनच्या व्यासावरून दोन संयुगांची ताकद ठरवू नका. पॉलिईनचे मोठे, पाण्यात न विरघळणारे रेणू अगारमधून हळू सरकतात, त्यामुळे जबर संयुगही छोटा झोन देते. ताकद मोजायची तर ९६ खाचांच्या प्लेटमध्ये निम्म्या-निम्म्या विरलनाने किमान प्रतिबंधक मात्रा काढा. डायमिथाइल सल्फॉक्साइड १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. तंतुमय बुरशीसाठी क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटची एम३८ ही पद्धत आहे. तिच्यात आरपीएमआय १६४० माध्यम, पीएच ७.० आणि मिलीला ०.४ ते ५ गुणिले दहा हजार बीजाणू वापरतात. बीजाणू मोजून घ्या. दहापट जास्त टाकले की मात्रा खोटी वाढते. रायझोक्टोनियाला असे बीजाणू नसतात. तिच्यासाठी अर्क अगारमध्येच मिसळून त्यावर चकती ठेवा.

अर्कात नेमके कोणते द्रव्य काम करते हे टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीवर) पाहा. लिपोपेप्टाइडसाठी क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल आणि पाणी ६५:२५:४. द्रावक पूर्ण उडाल्यावर पट्टीवर बुरशीचे बीजाणू मिसळलेला ०.८ टक्के अगार ओता आणि ओलसर डब्यात ठेवा. गडद रंगाची क्लॅडोस्पोरियम घेतली तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा ठिपका स्वच्छ उठतो.

## टप्पा १२: हे संयुग आधीच माहीत आहे का

शुद्धीकरणाच्या स्तंभावर हात घालण्याआधी अर्काचा अतिनील आलेख काढा. मेथॅनॉलमध्ये २९१, ३०४, ३१८ नॅनोमीटरच्या आसपास तीन टोकदार शिखरे दिसली तर टेट्राईन (चार सलग दुहेरी बंधांचे पॉलिईन), म्हणजे निस्टॅटिन किंवा नॅटामायसिनच्या जातीचे. ३६३, ३८२, ४०६ असतील तर ॲम्फोटेरिसिन बीसारखे हेप्टाईन (सात दुहेरी बंधांचे). चाचणीच्या माध्यमात एर्गोस्टेरॉल घातल्यावर क्रिया घटली तर पॉलिईनला दुजोरा मिळतो.

बॅसिलसच्या अर्कात वस्तुमानमापीवर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) १०३६.७ च्या जवळ सर्फॅक्टिन, १०४३.५ च्या जवळ इट्युरिन ए आणि १४६३.८ च्या जवळ फेंजायसिन दिसते. शेजारी १४ च्या फरकाने शिखरांची रांग असते, कारण मेदाम्लाच्या साखळीची लांबी बदलते. सोडियम चिकटलेले रेणू २२ ने पुढे दिसतात. त्यांना नवीन संयुग समजू नका.

वस्तुमान आणि आलेख कशाशीच जुळले नाहीत, तर उणे ८० च्या वेगवेगळ्या नळ्यांतून तीन स्वतंत्र संवर्धने करा. तिन्हींत तोच ठिपका, तेच वस्तुमान आणि तीच क्रिया एकत्र दिसली, आणि न टोचलेल्या माध्यमाच्या अर्कात यांतले काहीच नसले, तरच लिटरभराचे संवर्धन आणि शुद्धीकरण हाती घ्या. मूळ अर्काचा निदान चौथा भाग तपकिरी बाटलीत, कोरडा, उणे २० अंशांना राखून ठेवा आणि बाटलीवर स्ट्रेनचा क्रमांक, माध्यम, संवर्धनाचे दिवस, द्रावक आणि वजन लिहा.